वांगणीची नोंद

तारा विझला नाही.

ठरलेली वेळ टळून गेली, तरी माधवीने दुर्बिणीला जोडलेल्या लॅपटॉपवरून नजर काढली नाही. नेपच्यूनच्याही पलीकडे फिरणारा एक बर्फाळ गोळा आज संध्याकाळी या ताऱ्यासमोरून जाणार होता. तो इतका लांब, इतका अंधुक, की एरवी नजरेस पडणं अशक्य. तारा कुठून किती वेळ झाकला जातो, त्यावरूनच त्याचं आकारमान कळणार होतं. त्यासाठी गावोगावी हौशी निरीक्षक दुर्बिणी लावून बसले होते.

वांगणीतली ही गच्ची तिच्या आत्याची, बनूबाईंची.

"कवा इझंल गो?" आत्याने विचारलं.

"आता नाही विझणार, आत्या."

तेवढ्यात बदलापूरहून हिंदुराव सरांचा फोन आला. ते माधवीच्या आकाश मंडळाचे अध्यक्ष. बदलापूरला तारा झाकला गेला होता. अंबरनाथला बुवापाड्यातून मंडळातल्या सनीनेही तो पकडला होता. सर खुशीत होते.

"तुझ्याकडे किती सेकंद?"

"झाकलाच नाही, सर."

"चुकीचा तारा धरलास तू."

"नाही सर, नकाशाशी ताडून पाहिलाय. रेकॉर्डिंग आहे."

"हे बघ, मंडळाचं हे पहिलंच मोठं काम. आम्हाला दिसलं आणि पुढच्याच स्टेशनावर दिसलं नाही, असं गेलं तर लोक आपल्या सगळ्यांवरच शंका घेतील. ढग होते म्हणून कळव."

माधवीने वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. दुर्बीण मंडळाची होती. ती कशी लावायची हे सरांनीच शिकवलं होतं.

"ढग नव्हते, सर. मी पाहिलं तेच पाठवणार."

"मग उद्या दुर्बीण आणून दे."

तिने रेकॉर्डिंग पुण्याला, या मोहिमेच्या केंद्राकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुर्बीण घेऊन ती बदलापूरला गेली. सरांनी दारातूनच ती घेतली, बस म्हणाले नाहीत. ती घरी पोहोचायच्या आत मंडळाच्या ग्रुपमधून तिचं नाव निघालं होतं. सनीचा मेसेज आला, 'ताई, एक सॉरी बोलून टाक ना, मॅटर खतम.'

'चुकले असते तर बोलले असते,' तिने उत्तर दिलं.

पुढचे कित्येक दिवस अंधार पडला की तिला गच्चीवर जावंसं वाटायचं. जाऊन करायचं काय, म्हणून ती शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत बसायची. सॉरी मात्र बोलली नाही.

मग एका दुपारी मोहिमेच्या प्रमुख विनिता मॅडमचा पुण्याहून फोन आला.

"तुमचं रेकॉर्डिंग आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं."

"आमचे सर म्हणाले, माझा तारा चुकला."

"तारा बरोबर होता. उत्तरेकडची कड आम्हाला नाशिकच्या पलीकडे मिळाली. तिथून बदलापूरपर्यंत सगळ्यांचा तारा झाकला गेला. कर्जतच्या पुढे ढगांमुळे कुणालाच आकाश दिसलं नाही. दक्षिणेकडची कड सापडेना, आम्ही अडकलो होतो. तो गोळा कुठे संपतो, ते एकट्या तुम्हीच पाहिलंत."