सहा डब्यांची पॅसेंजर

भागवत मास्तरांनी दोन वर्षं खपून छोट्या लाईनवरच्या जुन्या पॅसेंजरचं मॉडेल केलं. कोळशाचं इंजिन, सहा डबे, खिडक्यांचे गज, आतली लाकडी बाकं, सगळं बराबर. जालन्याच्या प्रदर्शनात ते मांडलं, तेव्हा आई चतुराबाईंना परतूरहून मुद्दाम आणलं.

"बाबा, कॉलेजला येताना तुम्ही कोणत्या डब्यात बसायचे?" त्यांच्या लेकीनं, शीतलनं विचारलं.

"तिसऱ्या. सगळे दोस्त असायचे."

"आन मी ह्या शेवटच्या," चतुराबाईंनी वाकून बोट दाखवलं. "भाजीची पाटी घेऊन, रोज जालन्याच्या बाजाराला."

"एकाच गाडीनं? मग जवळ का नाही बसायचे?"

मास्तरांचे कान तापले. ते इंजिनाकडं बघत राहिले.

"त्याला वाचायचं राह्यचं माय," चतुराबाई जल्दीनं म्हणाल्या. "माझ्या पाटीचं पाणी गळायचं, वह्या भिजल्या असत्या. म्हून मीच त्याला सांगितल्तं, तू तिकडं दोस्तांत बस, मला वळख बी देऊ नको."

"किती जीव लावलास गं आजी!" शीतल त्यांना बिलगली. खरं सांगावं असं मास्तरांना वाटलं, पण ते रुमालानं शेवटच्या डब्यावरची धूळ पुसू लागले.



वळख न देण्याची ती ताकीद परतूरच्या फलाटावर दिली गेली होती, हे खरं. पण ती आईनं लेकाला नाही, लेकानं आईला दिली होती.