चासाचं दर्शन

"काचेतनं बघितलेलं दर्शन धरत न्हाईत," म्हणून जगदेवीबाईंनी दुर्बीण परत सुनेच्या हातात दिली.

"मग आत्या, तुमचा चष्मा काय लाकडाचा आहे का?" मंजुश्री म्हणाली. स्वर चढला नव्हता. पण स्कूटीची किल्ली इतकी आवळली होती की तळहातावर वळ उठला.

दसऱ्याचा दिवस. दुपारचे दोन वाजलेले. उदगीरला घरी पुरण वाटून पडलेलं, कणीक भिजवून ठेवलेली, संध्याकाळी सोनं द्यायला घरभर माणसं येणार. आणि घरची सून इथं तलावाच्या काठानं सासूला पक्षी दाखवत फिरतेय! जगदेवीबाईंचा नेमच होता तसा. दसऱ्याला चास बघितल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. चास म्हणजे नीलकंठ, महादेवाचा पक्षी. बसला की मातकट, उडाला की निळाच निळा. दरवर्षी सकाळी सातलाच तो कुठल्या तरी तारेवर सापडायचा आणि आठला फराळ व्हायचा. यंदा मात्र शुगरची गोळी सकाळपासून पदराच्या गाठीतच होती.

त्यात निघताना शेजारच्या गुरम्मानं भर घातली होती. "अगं, तुमच्याच दारातल्या तारेवर होता की! तुझी सासू खालीच तर बसली होती." मंजुश्रीनं सासूकडं नुसतं बघितलं. "डोळा लागला आसंल," एवढंच त्या बोलल्या.

तलावावर चास सोडून सगळं होतं. बगळे होते, टिटव्या होत्या, थंडीच्या आधी येणारे धोबी चिखलात शेपटी हलवत पळत होते. खंड्या पाण्यावरून चमकून गेला. "तो बघा, निळा!" मंजुश्री ओरडली. "त्यो न्हाई," सासूबाई मान न वळवताच म्हणाल्या.

मग सोयाबीन काढलेली रानं झाली. चाकूरच्या रस्त्याचे खांब झाले. एका वळणावर मागून पाठीत थाप बसली. "थांब, थांब मंजू! गावला!" करकचून ब्रेक. जगदेवीबाईंनी हात जोडलेसुद्धा. बाभळीला अडकलेला निळ्या ताडपत्रीचा तुकडा वाऱ्यानं फडफडत होता.

"आत्या, ताडपत्री आहे ती! पुरे झालं. आता सरळ घरी. महादेव काय तुम्हाला उपाशी मारायला बसलाय का?"

"एक डाव विहिरीवर जाऊ. तुझे सासरे तिथंच दावायचे मला. मग तू म्हणशील तसं."

मंजुश्रीनं दात आवळले आणि गाडी शेताकडं घातली.

विहिरीपाशी उतरून दोघी उभ्या राहिल्या. आणि पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या खांबावर, दहा पावलांवर, चास बसलेला होता. तो खाली झेपावला, नाकतोडा उचलला, निळे पंख पसरून परत जागेवर आला. सुटलो बाई, असं मंजुश्रीच्या मनात आलं. पण नेम त्यांचा, त्यांनाच बघू दे. ती वाट बघत राहिली.

जगदेवीबाईही वाट बघत होत्या. डोळे विहिरीच्या दिशेला, पापणी न लवता.

"हाय का गं काही?" त्यांनी विचारलं.

मंजुश्रीनं चिडून तोंड उघडलं, तेवढ्यात चास पुन्हा उडाला. दोघींच्या समोरून, हात लांबवला तर लागेल असा. सासूबाईंची नजर हललीसुद्धा नाही.

मंजुश्रीनं त्यांच्या डोळ्यांकडं निरखून बघितलं.

"आत्या," ती हळू म्हणाली, "कधीपासून?"

जगदेवीबाईंनी उगीच पदर सारखा केला. "श्रावणापासून. माझ्या लेकाला आज सांगू नको, सणाचा दिवस हाय." मग म्हणाल्या, "माणसं सावलीवाणी झाली, ते चाललं. म्हटलं, देवाचं पाखरू तरी दिसंल."

चास खांबावर परतला होता.

"समोरच आहे," मंजुश्री कसंबसं म्हणाली. "खांबावर."

जगदेवीबाईंनी चपला काढल्या, हात जोडले.

"मग मला नीट त्याच्याकडं तोंड करून उभी कर, मंजू. त्याला तरी मी दिसू दे."