चार बोटं डावीकडे

जावयाने स्टुलावर चढून तुळईवर पेन्सिलीने गोल काढला आणि खाली उभा म्हातारा सुतार, त्याचा सासरा, स्टुलाजवळ सरकला.

"मामा, पाइप इथूनच जाणार," जावई म्हणाला. तो प्लंबर. सासूबाईंचे गुडघे गेले म्हणून वर त्यांच्या खोलीला लागून नवा संडास होत होता आणि त्याची घाण हवा बाहेर सोडणारा पाइप या तुळईतून आरपार न्यायचा होता. "तुळईच्या उंचीच्या बरोबर मध्यात, तीन बोटांचं भोक. लाकडाला काही होत नाही."

एका भोकाने होत नाही, हे सुतारालाही ठाऊक होतं. पण गोलाच्या डावीकडे चार बोटांवर दुसरं भोक होतं; दोन शेजारी आली की तुळई वरच्या भाराने तिथेच खचायची. चाळीस वर्षांपूर्वी घर बांधताना त्याने पट्टी उलटी धरून ते भलत्याच जागी पाडलं होतं. मग खुंटी ठोकली, सरस-भुशाने लिंपलं, वरून रंग फासला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि लग्नापासून जावयाच्या प्रत्येक कामाला नावं ठेवणारा हाच!

वर त्याची बायको पडून होती, दाराजवळच्या तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात. खिडकी याच तुळईच्या डोक्यावर, तिथे छान वारा. तरी बाई पलंग हलवू द्यायची नाही. त्यावरून दोघांची भांडणंही जुनीच.

"जरा उजवीकडे घ्या की, जावईबापू."

"उजवीकडे भिंत आहे, मामा."

"मग उद्या करा. आज राहू द्या."

"का? माझं माप चुकलंय?"

सुताराने स्टूल धरून ठेवलं. "नाही," एवढंच तो म्हणाला.

ड्रिल घरघरलं. भुसा सुताराच्या टकलावर पडला. वरची फळी कुरकुरली, बायको कुशीवर वळली असावी, आणि त्याचा धीर सुटला.

"थांबा! बाजूला भोक आहे. माझं. चुकलेलं."

ड्रिल थांबलं. जावयाने नखाने रंग खरवडला. खाली खुंटीचा गोल दिसला. तो हसला नाही, आणि ते म्हाताऱ्याला जास्त लागलं.

तेवढ्यात फळ्यांच्या फटीतून वरून आवाज आला.

"सांगितलंत एकदाचं? मग आता खाली टेकू लावा आणि माझा पलंग खिडकीशी घ्या. चाळीस वर्षं या कोपऱ्यात उकडून निघालेय मी."