सॉफ्टवेअरला पैसे?

"नुसती बिलं काढायला महिना दीड हजार?" आमच्या मालकांनी, धामणकरसाहेबांनी, कोटेशन मेल्या पालीसारखं दोन बोटांत धरलं. "ओपन सोर्सचं घ्या, फुकट असतं. सॉफ्टवेअरला पैसे मोजणारी माणसं मला कळतच नाहीत."

अशाच माणसांना सॉफ्टवेअर विकून आमची कंपनी अकरा वर्षं जेवते आहे.

"ते आपल्याच सर्व्हरवर सांभाळावं लागतं, सर," आमची एकुलती एक प्रोग्रामर मृण्मयी म्हणाली. "म्हणजे माझे सगळे रविवार गेले."

"मग पगार कशाचा घेतेस?"

सोमवारी तिने राजीनामा दिला.

"बरं झालं," साहेब मला म्हणाले. "कॉलेजची मुलं बिनपगारी येतात. जाहिरात द्या."

मी ती लिहिली. 'पाच वर्षांचा अनुभव आवश्यक' ही ओळ साहेबांनी स्वतः घातली.