कोपऱ्यावर वळेपर्यंत

"पळून जायचं नाही. सांगून जायचं," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "मुलाच्या डोळ्यांत बघून. मग खाली उतरायचं आणि खिडकीतल्या मुलाला टाटा करायचा."

शुभाने मान हलवली. पॅसेजमधल्या चिमुकल्या खुर्चीवर ती गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. शेजारच्या खुर्चीवर वर्गातल्या फेन्या नावाच्या मुलीचा बाबा, हाइको. त्याचा उजवा गुडघा दुमडत नसे, म्हणून पाय सरळ पुढे पसरलेला. येणारी-जाणारी मुलं त्यावरून उड्या मारून जात आणि तो प्रत्येक उडीला गुण देई.

इथली, जर्मनीतली पद्धतच तशी. पहिले तीन दिवस आईने नाहीतर बाबाने वर्गात भिंतीशी बसायचं. चौथ्या दिवशी निरोप घेऊन बाहेर पडायचं. मूल रडलं तर परत आत यायचं. असं दोन-दोन आठवडे चालतं. आज चौथा दिवस होता.

"आमच्याकडे मुलाचं लक्ष नसलं की आई हळूच सटकते," शुभा आपल्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. "सांगितलं की रडतात ना!"

"रडू दे की." हाइकोने मांडीवरची पिशवी उघडून दाखवली. थर्मास, जाडजूड पुस्तक, कागदी रुमालांची अख्खी पाकिटं. "मी दोन आठवड्यांच्या तयारीने आलोय. बायको म्हणते, फेन्या पहिल्याच दिवशी सोडेल तुला. म्हटलं, बघू."

त्याचं नाव ऐकून शुभाचा नवरा हृषिकेश घरी उडालाच होता. "अगं, फुटबॉलच्या दुसऱ्या लीगमधला! अकरा वर्षं खेळला. काय बचाव करायचा! या मे महिन्यात गुडघ्याने संपवलं त्याला. सही तरी घे ना!"

शुभाने दुसऱ्या दिवशी लाजत लाजत सही मागितली होती. तिच्या मुलाच्या, ओजसच्या चित्रामागे हाइकोने ती केली आणि पेनचं टोपण लावता लावता विचारलं, "तुमचा नवरा संध्याकाळी किती वाजता घरी येतो?"

"सहाला."

"रोज?"

"हो, रोजच."

"आमच्या संघाची बस शुक्रवारी निघायची," तो म्हणाला होता. "यायची ती रविवारी."

"फ्राऊ कर्णिक, चला," बाईंनी हाक मारली.

शुभा आत गेली. ओजससमोर बसून तिने सांगितलं, "आई जरा बाहेर जाऊन येते हं, राजा." एवढं म्हणायचा अवकाश, की ओजसने तिच्या स्वेटरची बाही दोन्ही मुठींत धरून असा गळा काढला की शेजारच्या वर्गातली मुलं दारात जमली. ती कशीबशी बाहेर आली. चार मिनिटांत तिला परत बोलावलं. तिने ओजसला कडेवर उचलून घेतलं. तिचे कान लाल झाले होते.

हाइको दाराशी उभा होता. "किती छान रडतो," तो म्हणाला.

शुभाला हसू आलं. तो मात्र हसत नव्हता.

मग त्याची पाळी आली. फेन्या फरशीवर लाकडी आगगाडीच्या डब्यांत गाई भरत होती. एक पाय लांब ठेवून, भिंतीला धरत तो तिच्याशेजारी खाली बसला.

"फेन्या, बाबा जातोय."

"हं."

"आता जातोय, बरं का."

"बसने?"

"नाही गं. बस आता नाही कधीच. इथेच, खाली."

"बरं." तिने सवयीने गाल पुढे केला. त्याने पापी घेतल्यावर तिने हातातली गाय डब्यात ठेवली. "रविवारी ये."

बाई खूश झाल्या. "इतकं सोपं क्वचितच जातं, हं! उद्यापासून तुम्ही थांबायची गरजच नाही."

हाइकोने मान डोलावली. उठायला त्याला वेळ लागला. जाताना त्याने रुमालांची पाकिटं शुभाच्या हातात दिली. "ओजससाठी," म्हणाला.

खिडकीपाशी फेन्या स्वतःच स्टूल ओढून चढली. तिला कुणी सांगावं लागलं नाही. शुभाही ओजसला घेऊन शेजारी उभी राहिली. समोरच्या बाल्कनीत उन्हाळ्यातल्या वर्ल्डकपचा झेंडा अजून लोंबत होता, पावसाने विटलेला. खाली फुटपाथवर हाइको आला, वळला आणि त्याने हात वर केला. फेन्यानेही केला.

तो तिथेच उभा राहिला. ती हात हलवत राहिली. हात दुखला तसा तिने दुसरा वर केला.

"झाला ना टाटा, फेन्या? चल खेळायला," बाई म्हणाल्या.

"अजून नाही. बस कोपऱ्यावर वळेपर्यंत हलवायचा असतो." फेन्याने खाली बोट दाखवलं. "तो वळतच नाहीये."

बोट कुठे वळलं ते बघून हाइकोनेही कोपऱ्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा खिडकीकडे बघून तो चालू लागला. एक पाय ओढत बेकरीपर्यंत गेला आणि कोपऱ्यावर वळला.

फेन्या स्टूलवरून उतरली. आगगाडी निघाली.

शुभाचं पाऊल मात्र हलेना. बेकरीच्या भिंतीआडून निळ्या जाकिटाची बाही बाहेर डोकावत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाही तिथेच.

"आई, काका लपलाय?" ओजसने विचारलं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

तिने त्याचं नाक पुसलं.

ओजसने तिच्या गळ्यातला एक हात सोडवला आणि त्या बाहीला टाटा केला.