बुजगावण्याचा स्वेटर

“अत्ते, स्वल्प वाका, विधानसौध दिसेल,” म्हणत कानडी सुनेनं, सुप्रीतानं, तिसाव्या मजल्यावरच्या गॅलरीतली दुर्बीण सासूबाईंकडे वळवली. वसुमतीबाईंना आधी दिसली ती समोरची अर्धवट बांधलेली इमारत. दृष्ट लागू नये म्हणून तिच्या माथ्यावर बुजगावणं उभं केलं होतं. त्याच्या अंगात त्यांनी नवऱ्यासाठी विणलेला तपकिरी स्वेटर होता. कोपरावरचं हिरवं ठिगळही तेच. वर्षश्राद्ध उरकल्यावर तो त्यांनी तिथल्याच वॉचमनला दिला होता. “माणसाला दिला होता, बाहुल्याला नव्हे,” त्या चडफडल्या. मग लक्ष बटणांकडे गेलं. एक काज चुकल्यामुळे पुढची सगळी खालीवर लागली होती. यांचं चाळीस वर्षं रोज हेच. सवयीनं तोंडातून निघून गेलं, “अहो, बटण चुकलंय.” “कुणाशी बोलताय?” सुप्रीतानं विचारलं. त्यांनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. बुजगावणं तसंच उभं होतं. बटणं मात्र नीट लागली होती.