हिरवं पान

"आई, काच वर घे. वारा आत घुसला की गाडी पेट्रोल जास्त पिते."

आईने काच वर घेतली. एसी तर मुलाने निघतानाच बंद ठेवला होता. आता वाराही गेला. तिने रुमालाने मान पुसली आणि समोर बघत राहिली.

नवी छोटी गाडी पहिल्यांदाच शहराबाहेर निघाली होती. सीटवरचं प्लॅस्टिक मुलाने अजून काढलं नव्हतं, जरा हललं की ते अंगाखाली चुरचुरायचं. समोर, वेगाच्या आकड्याशेजारी, एक हिरवं पान उजळलं होतं. पेट्रोल बेताने जळतंय तोवर ते पान राहतं, पाय जरा जोरात पडला की विझतं. हे त्याने आईला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं आणि तिला ते फार आवडलं होतं. भाताला उकळी आली की गॅस बंद करून झाकणाखाली मुरवणारी बाई ती. आपला सिलिंडर किती टिकतो, हे तिने अख्ख्या गल्लीला ऐकवून ठेवलं होतं. गाडी आल्यापासून तिचं अ‍ॅव्हरेजही तशीच सांगत सुटली होती, जणू गाडी तिच्याच पोटची.

आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. धाकट्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन होतं. काल फोनवर बहीण म्हणाली होती, "ताई, मला आत नेण्याआधी ये. तुझं तोंड बघून जाते, मग काय व्हायचं ते होऊ दे."

तिच्यासाठी आईने घरची उशी घेतली होती. मुलाने ती डिकीतून काढून परत घरात ठेवली होती.

"उशीचं कसलं रे वजन?" आईने विचारलं होतं.

"सगळं मिळूनच वजन होतं, आई. दवाखान्यात असतात उश्या."

सिग्नलला त्याने इंजिन बंद केलं. हिरवा लागला, मागून हॉर्न सुरू झाले, तरी तो सावकाश किल्ली फिरवत होता. पुढच्या चढावर डब्यांची चळत बांधलेला एक सायकलवाला उभं राहून पायडल मारत शेजारून पुढे निघून गेला.

"तो किती देतो रे?" आईने विचारलं.

मुलगा हसला. आई हसली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. भाची होती. "मावशी, कुठवर आलीस? आधीचं ऑपरेशन लवकर आटपलं. आईला आत्ताच न्यायचं म्हणताहेत. मी जरा थांबा म्हटलंय, पण लवकर ये गं."

"आलेच," आई म्हणाली आणि मुलाकडे वळली. "ऐकलंस ना? हाण आता."

रस्ता समोर मोकळा पडला होता. मुलाने आकड्याकडे पाहिलं, मग पानाकडे. "चालवतोय ना. अजून पळवली की अ‍ॅव्हरेज धाडकन पडतं. ऑफिसात साहेबांची हीच गाडी सव्वीस देते म्हणे. आज त्यांचं तोंड बंद करतो. आणि ऑपरेशनवाले काय लगेच नेत नाहीत, त्यांची तयारीच तासभर चालते."

"तुझ्या मावशीचा जीव टांगणीला लागलाय."

"आई, गॅस मोठा केला म्हणून भात लवकर होत नाही. हे मला कोणी शिकवलं?"

तिने पायाखालची चटई पायाने दाबून धरली, जणू तिकडेच एखादं पायडल होतं. बस पुढे गेली, भाजीचा टेम्पो पुढे गेला. उतार लागला तशी मुलाने गाडी न्यूट्रलला टाकली आणि सोडून दिली. आवाज मंदावला. गाडी आपल्या आपण घरंगळत राहिली. आई पानाकडे बघत होती. ते काही विझेना.

दवाखान्याच्या दारात तिला उतरवून तो सावलीतली जागा शोधायला गेला. उन्हात पेट्रोल उडतं.

आई जिना चढून वर आली तेव्हा व्हरांड्यात भाची एकटीच उभी होती. तिच्या हातात धाकट्या बहिणीच्या बांगड्या होत्या आणि चष्मा.

"आत्ताच नेलं, मावशी. स्ट्रेचरचा दांडा धरून बसली होती, ताई येऊ दे म्हणून. शेवटी नर्सने बोटं सोडवली." तिने चष्मा मावशीच्या हातात दिला. "हा काही काढू देत नव्हती. म्हणाली, ताई आली तर नीट दिसायला नको का?"

आई बाकावर बसली. चष्म्याच्या काचांवर बोटांचे ठसे होते. ती पुसायला गेली आणि तशीच थांबली. समोरच्या बंद दारावर लाल दिवा लागला होता.

मुलगा जिन्यावरून वर आला. बाकापर्यंत येईतो त्याला धीर निघाला नाही. "आई, अठ्ठावीस! अख्ख्या रस्त्यात पान एकदाही विझलं नाही."

भाचीने मान फिरवली. मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग आईच्या हातातल्या चष्म्याकडे.

"किती म्हणालास?" आईने विचारलं.

त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली.

"अठ्ठावीस ना? विसरू नकोस," ती म्हणाली. "मावशी बाहेर आली, तर आधी तिला सांग."